तुला पेलेल तेच इंजिन घे

अगं, ‘ताई, ४६चं टू-स्ट्रोक घेऊ, फोर-स्ट्रोक घेऊ, की सरळ इलेक्ट्रिक मोटर लावू?’ असं विचारलंस. सांगते. पण आधी मला एक सांग, इंजिन सुरूच होईना, मधेच बंद पडलं, तर त्याच्यापाशी बसायला तुझ्याबरोबर कोण आहे? तू एकटीच असशील, तर जे तुला एकटीला समजेल, उघडता येईल आणि पुन्हा जोडता येईल, ते इंजिन तुझं. मैदानावर ताकदीच्या गप्पा मारणारे पुष्कळ भेटतील. ताकद पैसे टाकले की मिळते. सरळ बसलेली शेपूट मात्र आपल्यालाच बसवावी लागते, आणि विमान उडतं ते तिच्या जोरावर.

तू घेतलेलं रिमोटवर उडणारं विमान ‘४० साइज’चं ट्रेनर आहे, म्हणजे धडाच्या वर बसणारा जाड पंख, टोकांकडे किंचित वर उचललेला, नाकाखाली एक चाक आणि मागे दोन. या जातीतलं माझं फार आवडतं विमान म्हणजे सिग कंपनीचं कॅडेट एलटी-४०. पंखांचा पसारा ७० इंच, वजन अडीच किलोच्या आसपास, आणि हवेत इतकं संथ की शिकणारीला विचार करायला वेळ मिळतो. ही कंपनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात माँटेझुमा नावाच्या छोट्या गावात ग्लेन आणि हेझेल सिगाफूस या नवरा-बायकोने वाढवली, आणि ग्लेनच्या मागे हेझेलबाईंनी ती सांभाळली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘मुलींचा हा छंद नव्हे’ हे वाक्य तुझ्या कानावर कधीतरी पडेलच.

आता तो आकडा. इंजिनावरचा ४० म्हणजे ०.४० घन इंच, आपल्या भाषेत साधारण साडेसहा सीसी. ४६ म्हणजे साडेसात सीसी. तुझ्या विमानाच्या माहितीपुस्तकात ४० ते ४६ लिहिलं असेल आणि इंजिनच घ्यायचं असेल, तर ४६ घे आणि तिथेच थांब. कुणी सांगेल, ‘६०चं बसव, पुढे उपयोगी पडेल.’ बसवू नकोस. मोठं इंजिन नाक जड करतं, ते तोलायला शेपटीत शिसं घालावं लागतं, एकूण वजन वाढलं की उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, आणि शिकणारीचा सगळा त्रास उतरतानाच असतो. शिवाय इंजिन ज्या आडव्या फळीवर बसतं ती फळी, जिला फायरवॉल म्हणतात, ती त्या मापाच्या धक्क्यांसाठीच बनवलेली असते. फोर-स्ट्रोकचा आवाज फार गोड असतो, मला मान्य आहे. पण त्यात व्हॉल्व्ह असतात, त्यांची फट वेळोवेळी बघावी लागते, आणि तेवढ्याच ताकदीसाठी ते महाग पडतं. ते दुसऱ्या विमानाला.

ही इंजिनं ग्लो जातीची. ग्लो इंजिन आतून कसं चालतं हे मात्र घेण्याआधी समजून घे, कारण त्याचे सगळे रुसवेफुगवे तिथूनच येतात. १९४७ साली रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी छोट्या इंजिनांनाही ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी विमानात वाहून न्यावी लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावून लालभडक करायचं, इंजिन धरलं की सेल काढून टाकायचा. त्यानंतरही तार तापलेली राहते, कारण प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ आली की तिथेच रासायनिक क्रिया होऊन उष्णता सुटते, आणि पुढचा स्फोट तिला पुन्हा तापवतो. म्हणजे इंधन कधी पेटावं हे ठरवणारं दुसरं काहीही तिथे नाही. इंधन, हवा आणि त्या तारेचं तापमान, एवढ्यावर सगळं. म्हणून इंधन किती जावं ते ठरवणाऱ्या सुईच्या व्हॉल्व्हचा अर्धा आटासुद्धा इंजिनाचा स्वभाव बदलतो.

इंधनात बहुतांश मिथेनॉल, १८ ते २० टक्के तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असतं. तेलात निदान काही भाग एरंडेलाचा असावा. हो, आजी पाजायची तेच एरंडेल. इंजिन चुकून फार तापलं तरी ते धातूवर टिकून राहतं, हा त्याचा मोठा गुण. उडून आल्यावर विमानाच्या अंगावर जो चिकट थर आणि वास राहतो तोही त्याचाच. नायट्रोशिवायही काम होतं. जागतिक स्पर्धांमधल्या वेगाच्या गटात तर मिथेनॉल आणि तेल एवढंच इंधन चालतं. पण म्हणून घरी मिथेनॉल आणून मिसळत बसू नकोस, हे मी तुला विनवून सांगते. मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि ते कातडीतूनही शोषलं जातं. त्याची ज्वाला दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. तयार इंधन विश्वासाच्या दुकानातून घे, मूळ डब्यातच ठेव, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत एक घोटभरसुद्धा ओतून ठेवू नकोस. तुझ्या खोलीत येणाऱ्या मैत्रिणीला ते काय आहे हे कसं कळणार?

आणि तू हॉस्टेलमध्ये राहतेस. इथेच माझं मत ठरतं. तिथे इंधनाचा डबा ठेवायला सुरक्षित जागा नाही, सकाळी सहाला इंजिन धडधडवायला परवानगी मिळणार नाही, आणि सुई लावायला शिकवणारं कुणी रोज शेजारी नाही. तेव्हा या विमानाला इलेक्ट्रिक मोटर लाव. ग्लो शिकायचंच असेल, आणि ते शिकण्यासारखं आहेच, तर एनसीसीची एअर विंग किंवा एखादा जुना क्लब शोध. एअर विंगच्या शिक्षणात एअरोमॉडेलिंग आहे, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही असते, त्यामुळे तिथे हाताला वर्षानुवर्षं इंधन लागलेली माणसं भेटतात. त्यांच्याजवळ बसून शिक.

मोटर निवडताना दुकानदाराला ‘४६च्या बरोबरीची द्या’ एवढंच सांगू नकोस, हिशेब स्वतः कर. असल्या ट्रेनरला किलोमागे दीडशे ते दोनशे वॉट पुरतात. बॅटरीसकट अडीच किलो वजन धरलं तर ५०० वॉट. चार सेलची लायपो बॅटरी १४.८ व्होल्टची, म्हणजे साधारण ३४ अँपिअर लागतील. मग स्पीड कंट्रोलर, ज्याला सगळे ईएससी म्हणतात, तो ५० अँपिअरचा घे, म्हणजे उन्हात तापला तरी श्वास घ्यायला जागा राहते. मोटरवर केव्ही लिहिलेलं असतं. ते एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला किती फेरे हे सांगतं. मोठा केव्ही म्हणजे जास्त ताकद असं बहुतेकांना वाटतं, तसं अजिबात नाही. या विमानाला चार सेलवर ७०० ते ८०० केव्हीची मोटर आणि १२x६चा प्रोपेलर जमतो. यातला पहिला आकडा व्यास, दुसरा एका फेऱ्यात पंखा हवेत किती इंच पुढे सरकेल तो, दोन्ही इंचांत. ट्रेनरला व्यास मोठा आणि दुसरा आकडा लहान हवा. चढावर स्कूटर खालच्या गिअरात ओढते ना, तसं. प्रोपेलर बदललास की अँपिअर बदलतात, म्हणून वॉटमीटर विकत घे. मोटर घेतानाच घे, नंतर नको. पूर्ण थ्रॉटलला आकडा कंट्रोलरच्या मर्यादेत आहे हे जमिनीवरच दिसलं पाहिजे.

बॅटरीलाही तेवढंच सांभाळावं लागतं. चार हजार एमएएचची घेतलीस तर बेताने उडवून आठ-नऊ मिनिटं मिळतील. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा तर ३.८ च्या आसपास, आणि ३ च्या खाली गेला की तो खराब झाला समज. बॅलन्स चार्जरवरच चार्ज कर, फरशीवर, अंथरुणापासून लांब, तू जागी आणि समोर असताना. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही महाग पडलेली असो.

आता जोडणीकडे ये. माझा खरा जीव इथे आहे.

सगळे भाग आधी गोंद न लावता बसवून बघ. माहितीपुस्तक एकदा पूर्ण वाच, मग पेटीत सगळं आहे का ते तपास. पंखाचे दोन अर्धे प्लायवूडच्या पट्टीवर जोडले जातात. तिथे पाच मिनिटांत वाळणारं अराल्डाइट वापरू नकोस, संथ वाळणारं इपॉक्सी घे. घाई नसली की कडा जुळवता येतात, जास्तीचं पुसता येतं, आणि सांधाही घट्ट होतो. रात्रभर हलवू नकोस.

शेपटीपाशी मात्र अख्खी सुट्टी दे. बाल्सावर रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटवलेली असते, आणि गोंद फिल्मवर धरत नाही, लाकडावर धरतो. म्हणून धडात बसणाऱ्या भागावरची फिल्म काढावी लागते. ती कटरने कापताना पातं खाली बाल्सात गेलं तर तिथे रेघ पडते, आणि एखाद्या जोराच्या वळणात शेपूट त्या रेघेवरच तुटते. कटरऐवजी सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टीच्या कडेने हलकेच फिरव. फिल्म वितळून सुटते, लाकडाला ओरखडाही येत नाही. मग पंख जागेवर बसव, धडाच्या पुढच्या टोकाशी मधोमध एक टाचणी रोव आणि न ताणणारा दोरा घेऊन शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोज. दोन्हीकडे सारखं आलं की मागे जाऊन उभी राहा आणि बघ, आडवी शेपूट पंखाला समांतर दिसते का. दिसत नसेल तर जिथे ती टेकते तिथलं लाकूड पॉलिश पेपरने थोडं थोडं घास. उभा भाग गुण्या लावून काटकोनात बसव. हे जमलं की विमान हवेत सुटं सोडलं तरी सरळ जातं. हे बिघडलं तर रिमोटची कितीही बटणं फिरवलीस तरी एका वेगाला सरळ, दुसऱ्या वेगाला तिरकं, असंच चालतं.

बिजागऱ्या बसवल्यावर प्रत्येक हलणारा भाग बोटांनी ओढून बघ. लाजत लाजत नाही, चांगला ओढ. हवेत सुटण्यापेक्षा टेबलावर सुटलेला बरा. सर्व्होपासून, म्हणजे हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून, जाणारी दांडी कुठेही घासता कामा नये. सर्व्हो एका जागी उभा असताना गुणगुणत राहिला तर समज की काहीतरी अडतंय.

मोटर किंवा इंजिन बसवताना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. फायरवॉल नीट बघितलीस तर ती किंचित उजवीकडे, आणि बहुतेकदा किंचित खालीही वळलेली दिसेल, दोन-तीन अंश. तिला सरळ करायला जाऊ नकोस. प्रोपेलर फिरताना विमानाला डावीकडे ओढतो, त्याच्यासाठीच ती दिशा ठेवलेली असते. स्क्रूंना थ्रेडलॉक लाव. पुढेमागे ग्लो बसवलंस, तर फायरवॉलवर इपॉक्सीचा पातळ हात फिरव, नाहीतर लाकूड तेल पिऊन मऊ होतं. इंधनाच्या टाकीचा मध्य कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीला येऊ दे, आणि टाकीभोवती फोम भर. थरथरीने इंधनात फेस आला तर इंजिन बुडबुडे पिऊन हवेतच थांबतं.

मग तोल. पंखाची रुंदी ३० सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साधारण आठ-नऊ सेंटीमीटरवर, पंखाखाली दोन बोटं लाव आणि उचल. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट खाली गेलेली अजिबात नको. पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच पाळ. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी आत ठेवून तोल बघायचा. ग्लोमध्ये टाकी रिकामी ठेवून, कारण टाकी पुढे असते आणि इंधन संपत गेलं की तोल मागे सरकतो. बिघडला असेल तर आधी बॅटरी आणि रिसीव्हर पुढेमागे करून बघ, शिसं अगदी शेवटी.

आणि विमानाच्या मागे उभं राहून रिमोटची काठी उजवीकडे दे. उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, वर गेलं पाहिजे, डावं खाली. उलटं लागलेलं एलेरॉन घेऊन विमान जमीन सोडतं आणि काही क्षणांत कोसळतं. ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी कर, मैदानावर दहा माणसं बघत असली तरी.

तीच माणसं कौतुकाने म्हणतील, ‘दे, मी जोडून देतो.’ त्यांचा हेतू चांगलाच असतो. सल्ला घे, पाना देऊ नकोस. ‘दाखवा, मी करते’ एवढंच म्हण. तुझ्या हातून गेलेल्या प्रत्येक सांध्याची तुला आठवण राहते, आणि काही बिनसलं की बोट बरोबर तिथे जातं. पहिलं उड्डाण मात्र अनुभवी माणसाच्या हाती द्यायला कमीपणा मानू नकोस. विमान वर नेऊन, ट्रिम करून, रिमोट तुझ्या हातात देणारं कुणीतरी असावं. त्यात तुझी मेहनत वाचते.

प्रोपेलरबद्दल मी आईसारखी बोलणार आहे, ऐकून घे. ओढणी नको. वेणी घालून शर्टाच्या आत. हातात कडं, बांगडी, धागा काही नको. खोलीत चाचण्या करताना प्रोपेलर काढून ठेव, तो सगळ्यात शेवटी बसवायचा. बॅटरीची पिन जोडली की मोटर जागी झाली, थ्रॉटलला चुकून कोपर लागलं तरी ती पूर्ण जोराने फिरते आणि बोट मधे आलं म्हणून थांबत नाही. विमान कुणीतरी मागून घट्ट धरलेलं असू दे. फिरत्या पंख्याच्या समोर किंवा बाजूला उभं राहायचं नाही, जे काही करायचं ते मागून. ग्लो सुरू करताना बोटाने पंखा फिरवायचा नाही, रबर लावलेली दांडी किंवा स्टार्टर वापरायचा.

क्लबमध्ये कुणी नवं ग्लो इंजिन हातात दिलं तर आणखी दोन गोष्टी. एबीसी जातीचं इंजिन, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी बाही, थंड असताना वरच्या टोकाला अडकल्यासारखं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. बाही वर किंचित निमुळती असते आणि तापली की बरोबर मोकळी होते. हेअर ड्रायरने थोडं गरम करून मग फिरव. आणि सुई लावताना कान दे. इंधन जास्त असताना आवाज जाड, तुटक येतो. सुई हळूहळू बंद करत गेलीस की तो एकसलग होतो, मग टोकाला पोचतो. त्या टोकापासून जरा मागे ये, आवाज थोडासा जाड होईपर्यंत. मग विमानाचं नाक आभाळाकडे धरायला सांग. फेरे तसेच राहिले किंवा किंचित वाढले तर सुई बरोबर. दबले तर इंधन कमी पडतंय, आणि ते इंजिन चढतानाच बंद पडेल.

जागेचं बघ. २०२१च्या ड्रोन नियमांत छंदाची विमानंही येतात. २५ किलोपर्यंतचं, डोळ्यांसमोर उडवायचं मॉडेल त्यात वेगळं धरलं आहे, पण नकाशा सगळ्यांना सारखाच. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर तुझं मैदान हिरव्यात येतं का ते आधी पाहा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. पुण्यात लोहगावच्या विमानतळामुळे आणि मुंबईत जवळजवळ सगळीकडेच याची अडचण येते, म्हणून शहराबाहेर जावं लागेल. दिवाळीनंतर भात-बाजरीची कापणी झालेली शेतं मोकळी होतात, सकाळी वारा पडलेला असतो. मालकाला विचारून, विजेच्या तारा आणि गुरं कुठे आहेत ते बघून जा. रिमोटच्या रेंज-चेकमध्ये तीसेक पावलं लांब जाऊन सगळे भाग हलतात ना, ते बघ. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल असं फेलसेफ लाव, आणि रिमोट बंद करून ते खरंच होतं का याची खात्री कर, अर्थात प्रोपेलर काढून.

उतरल्यावर लगेच दुसरी बॅटरी लावू नकोस. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, तिन्हींना हात लावून बघ. हात ठेववत नसेल इतकं काही तापलं असेल तर प्रोपेलर एक माप लहान कर. मोटरचे स्क्रू पुन्हा आवळ, पहिल्या उड्डाणात लाकूड दबून ते सैल होतात. पंख धडाला बांधून ठेवणारी रबरं बदल, शेपटीचा सांधा नखाने दाबून पाहा. क्लबात ग्लो उडवलंस तर निघण्याआधी टाकी पूर्ण रिकामी कर, उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाक आणि आत तेलाचे चार थेंब सोड. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात बेअरिंगला गंज चढतो.